हाताचा वेळ, कापडाचा पोत

जुन्या गोधडीवरून हात फिरवला की बोटांना आधी जाणवतात त्या बारीक वळ्या. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्या-धोतरांचे तीन-चार थर आणि त्यांतून काठाकडून मधोमध नेलेला धावदोरा, एवढ्याच साहित्यातून सपाट कापडाला उंचसखलपणा येतो. या उंचसखलपणाने कापडाचे वागणेच बदलते. ते ऊब धरते, अंगाला बिलगते आणि दर धुण्यागणिक आणखी भरीव होते. सुई, दोरा किंवा माग वापरून, सावकाश काम करून कापडाला असा पोत देण्याच्या कितीतरी रीती जगभर रुजल्या आहेत.

गेल्या काही वर्षांत या रीतींकडे पुन्हा लक्ष वळले आहे. शहरांत हातशिवणीच्या कार्यशाळा भरतात, गोधड्या भेट म्हणून दिल्या जातात, ठिगळ लावलेले कपडे अभिमानाने घातले जातात. त्याच वेळी बाजारात कांथ्याच्या टाक्यांची नक्कल छापलेले कापड आणि यंत्रमागावरची ‘पैठणी’ही सहज मिळते. म्हणून या विषयाचा आढावा घेताना तीन प्रश्न समोर ठेवावे लागतात. हात कापडाला नेमके काय देतो? त्यातले यंत्राला काय जमते? आणि या कामात जाणाऱ्या वेळाचे मोल कोण चुकवते? तिसऱ्या प्रश्नाला बगल देऊन पहिल्या दोहोंवर कितीही लिहिले, तरी ते लिखाण अपुरेच राहील, असे माझे मत आहे.

थर आणि धावदोरा

सुरुवात गोधडीपासूनच करावी, कारण तिच्यात सगळे तत्त्व उघडे दिसते. जमिनीवर कापड ताणून अंथरायचे, त्यावर दुसरे थर घालायचे, विरलेल्या जागी तुकडा सरकवायचा, थर हलू नयेत म्हणून मोठे कच्चे टाके घालायचे आणि मग थरांवरच बसून कडेने आत आत शिवत जायचे. चौकोनात चौकोन पडत जातात. दोरा ओढला की कापड किंचित गोळा होते. टाक्याखाली थर दबतात आणि दोन ओळींच्या मधे फुगतात. त्या फुगवट्यात हवा अडकते म्हणून ऊब राहते, आणि वरच्या दोऱ्याने घर्षण सोसल्यामुळे खालचे जीर्ण कापड टिकते. डोळ्यांना जी नक्षी दिसते, ती मुळात कापड जगवण्याची युक्ती आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तक केले, तोवर आपल्या घराघरांतल्या या वस्तूकडे कला म्हणून पाहणारे लिखाण फारच थोडे होते.

बंगाल याबाबत पुढे होता. तिथला कांथाही जुन्या साड्यांच्या थरांचाच, आणि दोरासुद्धा बहुतेकदा साडीच्या काठातून उसवून काढलेला. मधोमध कमळ, कोपऱ्यांत झाडे, मधल्या जागेत हत्ती, पालख्या, माणसे रंगीत दोऱ्याने काढायची आणि उरलेली पांढरी जागा पांढऱ्याच धावदोऱ्याने भरायची. भरणीचे टाके आकृतीच्या कडेकडेने फिरतात, त्यामुळे कमळाभोवती लाटा उठल्यासारख्या वाटतात. जसीमुद्दीन यांचे ‘नक्शी कांथार माठ’ हे काव्य १९२९ साली आले आणि १९३९ साली स्टेला क्रामरिश यांनी कांथ्यावर अभ्यासपूर्ण लेख लिहिला. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त यांनी गावोगाव फिरून जमवलेले कांथे आज कोलकात्याजवळ जोका येथे त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आहेत. घरकामाचा दर्जा मिळालेल्या वस्तूला विद्वत्तेची आणि साहित्याची साथ लाभली की काय घडते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

बिहारमधल्या मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावची सुजनी याच कुळातली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे या कामाचे पुनरुज्जीवन सुरू झाले आणि बायकांनी सुजनीवर हुंडा, मुलींचे शिक्षण, घरातली मारहाण असे विषय टाक्यांतून मांडले. त्या कामात आयुष्य घालवलेल्या निर्मला देवींना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

आपल्याला भाषेनेही जवळची आहे ती उत्तर कन्नडमधल्या सिद्दी स्त्रियांची कवंद. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे हे वंशज यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात राहतात आणि त्यांच्या बोलण्यात कोकणी-मराठीची मिसळण आहे. कवंद कोपऱ्यातून सुरू होते. रंगीबेरंगी तुकडे कडेने लावत, शिवत, फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे जायचे आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ लावायची. नक्षी आधी आखलेली नसते. हाती जो तुकडा येईल त्याच्याशी जमवून घेत ती वाढते.

या चारही रीती जुन्या कापडाच्या आहेत, बायकांच्या आहेत आणि मुळात घरासाठी केलेल्या आहेत. बाजारात उतरताच त्यांच्यात एक मोठा फरक पडला. टसर साडीवरचे कांथाकाम नव्या कोऱ्या, एकेरी कापडावर होते. थर गेले, त्यांच्याबरोबर वळ्याही गेल्या आणि उरले ते भरतकाम. ते देखणे असेल, त्याने हजारो घरांना काम दिले हेही खरे. पण मूळ कांथ्याचा पोत त्यात नाही, हे ग्राहकाला कळायला हवे.

धागे मोजून घातलेला टाका

दुसरा मार्ग कापडाचे धागे मोजण्याचा. जपानच्या उत्तर टोकाला, आजच्या आओमोरी भागात थंडीमुळे कापूस पिकत नसे. त्सुगारू संस्थानाने १७२४ साली शेतकऱ्यांवर साधेपणाचे निर्बंध घातले आणि त्यांना सुती कपड्यांऐवजी ताग-अंबाडीसारख्या वाखाच्या कापडावर भागवावे लागले. विरळ विणीच्या त्या कापडातून वारा आत शिरे. बायकांनी मिळेल तो सुती दोरा त्याच्या फटींतून भरला. त्सुगारूच्या ‘कोगिन’मध्ये एक, तीन, पाच असे विषम संख्येने धागे मोजतात, शेजारच्या नांबू भागातल्या ‘हिशिझाशी’त सम संख्येने. एवढ्याशा फरकाने दोन्हीकडच्या चौकटी वेगळ्या दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेने स्वस्त सुती कापड आणले आणि कोगिनची गरज संपली. पुढे लोककलेचे पुरस्कर्ते यानागी सोएत्सु यांनी तिचे महत्त्व पटवून दिले आणि ती पुन्हा शिकवली जाऊ लागली. त्याच मुलखातले ‘बोरो’, म्हणजे पिढ्यानपिढ्या ठिगळे लावलेले कपडे, तानाका चुझाबुरो यांनी गोळा केले. ज्यांची लाज वाटायची ते कपडे टोकियोतल्या संग्रहालयात लोक रांगा लावून पाहू लागले.

आपल्याकडे निलगिरीतल्या तोडा स्त्रिया पांढऱ्या जाड कापडाचे धागे मोजत लाल-काळ्या लोकरी दोऱ्याने असे भरतात की ते काम मागावरचेच वाटावे. त्या उलट बाजूने शिवतात आणि टाके मुद्दाम थोडे सैल ठेवतात, म्हणून त्या ‘पुटकुळी’ शालीला स्पर्शाला कळणारा भरीवपणा येतो. पंजाबची फुलकारीही मागच्या बाजूने धागे मोजून होते. ‘बाग’ या प्रकारात रेशमी टाक्यांखाली खादी जवळजवळ झाकून जाते. धारवाडकडच्या कशिद्यात गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, तर ‘नेयगे’ विणल्यासारखा भासतो. इरकलीवरचे हे काम सीमाभागातल्या मराठी घरांनाही ओळखीचे आहे.

या सगळ्या रीतींना एकच अट आहे. धागे डोळ्यांना दिसतील असे, हातमागाचे थोडे विरळ कापड हवे. तसे कापड विणणारा माग बंद पडला की सुई हातात असूनही कला अडून बसते. म्हणूनच टाक्याचा विचार मागापासून तोडता येत नाही.

मागावरचा पोत

मागावर पोत तीन ठिकाणांहून येतो: सुताच्या पिळातून, विणीच्या रचनेतून आणि विणताना हाताने केलेल्या भरणीतून.

सुताचे उत्तम उदाहरण घोंगडी. दख्खनी मेंढीची राठ लोकर हाताने कातायची, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि खड्डामागावर विणायचे. राठपणा हाच तिचा गुण. पाऊस चटकन आत शिरत नाही आणि थंडीत धनगराला रानात निभावून नेता येते. लोकरीला उठाव राहिला नाही, मेंढ्या मांसासाठी पाळण्याकडे कल वळला, तसे हे काम आटले. हातकताईच्या खादीचा स्पर्शही सुतातल्या याच बारीक चढउतारातून येतो.

विणीच्या रचनेचे अचंबित करणारे उदाहरण म्हणजे भरूचची सुजनी. नाव बिहारच्या सुजनीचेच, पण हिच्यात टाका एकही नाही. दुहेरी वीण घालत छोटे चौकोनी खण तयार करतात, विणतानाच त्यांत कापूस भरतात आणि पुढच्या धाग्यांनी खण बंद करतात. रजई मागावरूनच तयार होऊन उतरते.

हाताच्या भरणीत आपली पैठणी येते. पदराच्या नक्षीतला प्रत्येक रंग स्वतंत्र कांडीवर असतो. विणकर तो रंग आपल्या भागापुरताच नेतो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत फिरवतो. धागे मागे लोंबत नाहीत, म्हणून खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. नक्षीच्या भरगच्चपणानुसार एका साडीला महिन्यापासून वर्षापर्यंत वेळ लागतो. ढाक्याच्या जामदानीत मलमलीच्या पारदर्शक अंगावर जाड धागा हाताने बसवतात. २०१३ साली युनेस्कोने ही विणकला मानवतेच्या अमूर्त वारशात घेतली. काश्मीरच्या कानी शालीत छोट्या लाकडी कांड्या ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीप्रमाणे फिरवल्या जातात.

आधुनिक कलेनेही मागाच्या पोताचा गंभीर विचार केला. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत घडलेल्या आनी आल्बर्स यांनी ‘ऑन वीव्हिंग’ या १९६५ सालच्या पुस्तकात स्पर्शाच्या जाणिवेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. वस्तू तयार होऊनच हाती येऊ लागल्या आणि साहित्य घडवणाऱ्या बोटांना काम उरले नाही, तशी ही जाणीव बोथट झाली, असा त्यांचा मुद्दा होता. मुंबईत मोनिका कोरिया यांनी तर मागाच्या शिस्तीलाच हात घातला. ताण्याचे धागे सरळ समांतर ठेवणारी फणी काढता येईल अशी सोय त्यांनी करून घेतली. फणी निघाली की ताणा मोकळा होतो, धागे वळणे घेतात, कुठे दाटतात, कुठे विरळ होतात. त्यांच्या भिंतीवरच्या विणकामात झाडे आणि पाण्याचे प्रवाह याच मोकळिकीतून उमटले. जपानच्या मिसाओ जो यांनी ‘साओरी’ या पद्धतीत चुकलेला धागाही विणीचा भाग मानला आणि ज्यांना कोणी माग शिकवला नसता अशा अपंग, वृद्ध माणसांपर्यंत तो पोचवला.

यंत्र कुठवर पोचते

हाताच्या कामाची बाजू घेताना ‘यंत्राला हे जमणारच नाही’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. एलायस हाऊ यांनी १८४६ साली पेटंट घेतलेल्या शिवणयंत्रात सुईचे नेढे टोकाशी असते. सुई कापडातून पूर्ण पार जात नाही आणि वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकतो. दोन दोऱ्यांची ही पकड कापडाला दोन्हीकडून सारखी आवळते, तर धावदोऱ्यात एकच दोरा खालीवर जातो आणि कापडाला थोडे हलू देतो. यंत्रावर शिवलेली गोधडी सपाट आणि ताठ का वाटते, याचे कारण यातच आहे. पण सुई कापडाच्या आरपार नेणारे भरतकामाचे यंत्र जोझुए हाइलमान यांनी हाऊ यांच्याही आधी बनवले होते, आणि हातासारखा दिसणारा टाका घालणारी यंत्रे आजही कारखान्यांत चालतात. नुसत्या टाक्यावर हाताचा हक्क सांगता येत नाही.

नक्कल मूळ वस्तूला कशी गिळते, हे काश्मीरने पाहिले आहे. मागावर नक्षी विणणारी जाकार यांची यंत्रणा १८०४ साली आली. त्यानंतर फ्रान्समध्ये आणि स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात काश्मिरी धर्तीच्या शाली भराभर विणल्या गेल्या. त्यांच्या पाठीमागचे मोकळे धागे कापून टाकावे लागत, तरी समोरून त्या चालून जात. काश्मीरच्या कोयरीला युरोपात पेझ्लीचे नाव चिकटले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फॅशन बदलताच मूळ विणकरांचा धंदा कोसळला.

मग हाताची स्वतःची अशी जागा कोणती? माझे उत्तर असे आहे: जिथे माल असमान असतो, तिथे. यंत्राला एकसारखे सूत, एकसारखी जाडी, एकसारखा ताण लागतो. जुन्या साडीचा काठ मजबूत आणि अंग विरलेले असते. हातकताईचे सूत वितावितावर बदलते. राठ लोकर कुठेही तुटते. अशा मालावर दर टाक्याला, दर धाग्याला किती ओढायचे याचा निर्णय घ्यावा लागतो आणि तो बोटे घेतात. भाकरी थापताना पिठाचा घट्टसैलपणा तळहाताला कळतो, तसेच हे आहे. संथपणा इथे हौसेने पत्करलेला नसतो. इतके निर्णय घ्यायला तेवढा वेळ लागतोच.

आणि असमान माल आज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहे. टाकून दिलेल्या कपड्यांचे ढीग सगळीकडे वाढत आहेत. पानिपतला देशाविदेशातले जुने कपडे फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटे होतात. हा उद्योग मोलाचा आहे, पण पिंजताना तंतू आखूड होतो आणि कापडाचा कस उतरतो. हातशिवणीत कापड कापड म्हणूनच पुढे जाते. गोधडी, कवंद, बोरो या गरिबीतून आलेल्या रीतींकडे आजच्या काळाची व्यावहारिक गरज म्हणून पाहायचे कारण हे आहे.

संथ शिवणीची नवी हाक

पाश्चात्त्य जगात या विचाराने चळवळीचे रूप घेतले. केट फ्लेचर यांनी २००७च्या सुमारास ‘स्लो फॅशन’ची कल्पना मांडली. क्लेअर वेल्स्ली-स्मिथ यांचे ‘स्लो स्टिच’ हे पुस्तक २०१५ साली आले. मापात बसवण्याची घाई न करता, घरातल्याच कापडाच्या तुकड्यांवर साधे टाके घालावेत, हा या चळवळीचा गाभा. त्यातून मन शांत होते, हात आणि डोळा एका लयीत येतात, असा अनेकांचा अनुभव आहे.

या चळवळीचे मी स्वागत करतो. मुलांना बटणसुद्धा लावता येत नाही अशा काळात सुई हातात घ्यायला लावणारी कुठलीही गोष्ट भल्याचीच. पण ती हौसेच्या चार भिंतींत राहिली तर एक विसंगती तयार होते. कार्यशाळेत आलेला माणूस निवांतपणासाठी पैसे मोजतो. तोच टाका पोटासाठी घालणाऱ्या बाईला मात्र घाईच करावी लागते, कारण तिला नगावर पैसे मिळतात. पहिल्याचा संथपणा त्याने निवडलेला असतो, दुसरीला तो परवडत नाही. टाके लांब होतात, ओळी विरळ होतात आणि पोत पातळ होतो. कापडाची प्रत घसरण्याचे मूळ पुष्कळदा इथे असते.

वेळाचे मोल

चौथ्या हातमाग गणनेनुसार, २०१९-२० साली देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार होते आणि त्यांत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांहून कमी होते. घरी बसून भरतकाम करणाऱ्या बायका तर कुठल्याच गणनेत नीट येत नाहीत. लखनौच्या चिकनकारीवर क्लेअर विल्किन्सन-वेबर यांनी केलेल्या अभ्यासातून दिसते ते हेच. घरातल्या घरात, अडत्यामार्फत केलेले काम ‘फावल्या वेळातले’ ठरते आणि तेवढ्या शब्दावर त्याची मजुरी कापली जाते.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. विणकर सेवा केंद्रे १९५०च्या दशकापासून आहेत. चित्रकार प्रभाकर बरवे यांच्यासारख्यांनी तिथे काम केले. १९८५च्या कायद्याने हातमागासाठी काही वस्तू राखीव ठेवल्या, २००६ साली हातमाग चिन्ह आले आणि पैठणीसह अनेक विणींना भौगोलिक मानांकन मिळाले. या उपायांनी नाव जपले जाते. तासांचा दाम मात्र आपोआप मिळत नाही. राखीव वस्तू यंत्रमागावर विणल्या जातात हे विणकरांचे गाऱ्हाणे जुने आहे आणि मानांकनाचा फायदा मागावर बसणाऱ्यापेक्षा दुकानदाराला अधिक होण्याचा धोका कायम असतो.

जिथे चित्र बदलले, तिथे मजुरी आणि संघटना हातात हात घालून आल्या. १९७८ साली ब्रॅक या विकाससंस्थेने सुरू केलेल्या आरोंग या विक्रीसंस्थेने बांगलादेशात नक्शी कांथ्याला नियमित बाजार दिला. लखनौमध्ये १९८४ साली रुना बॅनर्जी यांनी उभारलेल्या सेवा संस्थेने चिकनच्या कारागीर स्त्रियांना अडत्यांशिवाय काम मिळवून दिले. नक्षी शोधण्याबरोबर हिशेब आणि विक्री यांची जबाबदारी उचलल्यामुळेच हे प्रयत्न टिकले.

महाराष्ट्रात गोधडीचे काम पुन्हा सुरू होत आहे. बचतगटांच्या प्रदर्शनांत ती दिसते, शहरातली कुटुंबे आजीच्या साड्या देऊन ती शिवून घेतात. या टप्प्यावर तीन गोष्टी ठरवून करायला हव्यात. पहिली, किंमत नगावर न लावता लागलेल्या तासांवर लावावी आणि ते तास कापडावरच्या चिठ्ठीवर लिहावेत. गिऱ्हाईक मोबदला देतो तो कशाचा, हे त्याला वाचता आले पाहिजे. दुसरी, थर किती, कापड जुने की नवे, टाका हाताचा की यंत्राचा, हे विकणाऱ्याने स्पष्ट सांगावे. यंत्राची गोधडी विकायला हरकत नाही, ती हाताची म्हणून विकायला हरकत आहे. तिसरी, शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला मुलग्यांनाही धावदोरा, रफू आणि ठिगळ शिकवावे. जो स्वतः दोन ओळी सरळ घालून पाहतो, तो पुढे दुसऱ्याच्या हजार ओळींची घासाघीस करत नाही.

हाताने दिलेला पोत हा शेवटी कुणाच्या तरी आयुष्यातले तास असतात. त्या तासांना किमान सन्मानाची मजुरी मिळाली तर गोधडी, कांथा, पैठणी आणि घोंगडी यांना संग्रहालयाच्या काचेची गरज पडणार नाही; त्या वापरात राहतील, फाटतील, पुन्हा शिवल्या जातील. ती मिळाली नाही, तर आपण कितीही गौरवाने बोललो तरी मागे उरेल ती छापील नक्कल. हा निर्णय कारागिराच्या हातात फारसा नाही. तो आपण, विकत घेणारे, दर खरेदीला घेत असतो.